साडेसात मिलिमीटरच्या पुढे

कॅम आधी आला. चूक इथूनच.
देवयानी गायधनीने तो छत्रीच्या पिशवीतून काढला,
तेलकट कागद सोडवला
आणि लग्नपत्रिका वाचावी तशी म्हणाली,
दहा मिलिमीटर उचल, काका,
दोनशे ब्याऐंशी अंश.

मी लोबवरून अंगठा फिरवला.
म्हटलं, घास मोठा घेतलास.
घसा कुठला लावायचा?

तीन हेडं होती शेडमध्ये,
सातपूरला, आयटीआयच्या मागच्या गल्लीत.
एक तिच्याच जिप्सीचं, कंपनीतून आलं तसं.
दुसरं पुण्याच्या कुणा हौशीने कोरलेलं,
पोर्टमध्ये दोन बोटं जाऊन वर जागा उरावी इतकं.
तिसरं रऊफभाई कोकणींनी अर्धवट सोडलेलं :
व्हॉल्व्ह मिलिमीटरभर मोठे,
सीटखालचा गळा पुसून गुळगुळीत,
पोर्टला मात्र हातही लावलेला नाही.
का थांबले, कोण जाणे.
ते मालेगावला मुलाकडे असतात, फोन उचलत नाहीत.

माझा फ्लो बेंच म्हणजे
व्हॅक्यूम क्लीनरच्या दोन मोटारी, प्लायवूडचं खोकं,
आणि पारदर्शक नळीत पाणी.
दिसावं म्हणून चिमूटभर गुलाल.

पहिल्या हेडचा आकडा साडेसातपर्यंत चढत गेला.
आठला तोच.
नऊला तोच.
दहाला तोच.
द्वारकेचा सिग्नल हिरवा होऊन काय,
पुढे कोंडी आहे ती आहेच.

दुसऱ्याने दहावर गुलाल असा उडवला
की देवयानीने टाळी वाजवली.
तीन-चारवर मात्र पाणी हललं न हललं.
तो आकडा मी वहीत लिहिला,
तिला दाखवला नाही.
तिच्या हातात पैसे होते
आणि माझं शेडचं भाडं दोन महिने थकलं होतं.

तिसरं अधलंमधलं निघालं.
ती त्याच्याकडे बघितलं न बघितलंसं करून गेली.

रात्री साडेनऊला रऊफभाईंचा फोन.
सगळं ऐकून घेतलं, मग खोकले,
मग मी दिवसभर न विचारलेलं विचारलं :
पोरगी चालवते कुठे?
मातीत, म्हटलं. ओझरच्या पुढे.
वळण, ब्रेक, परत वळण.
अरे मग तिला गंगापूरचं धरण कशाला देतोस?
सोमेश्वर दे.
आणि ठेवून दिला.

धरणात पाणी मायंदाळ, पण पडून असतं.
तेच पाणी सोमेश्वरच्या खडकांत शिरलं
की माणसाचे पाय उचलतं.

सकाळी वही तिच्यापुढे सरकवली, त्या पानासकट.
तिने दोनदा वाचलं.
काल का नाही सांगितलंत, हे विचारलं नाही.
मी ते कपाळावर घेऊन उभा राहिलो.
म्हणाली, मग दहाचा कॅम घेऊन काय उपयोग?
दहावर तो क्षणभर असतो गं, म्हटलं,
तीन-चारवरून दोनदा जातो,
चढताना आणि उतरताना.
तिथेही श्वास लागतो.

तिसरं घेतलं.
स्प्रिंगा बदलल्या,
जुन्या दहावर वेटोळ्याला वेटोळं टेकत होत्या.
मग धाकटीच्या दप्तरातली हिरवी क्ले मागून आणली,
पिस्टनवर थापली, हेड बसवलं,
इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं,
श्वास रोखून,
आणि पुन्हा सगळं खोललं.

क्लेमध्ये व्हॉल्व्हची कोर उमटली होती.
ब्लेडने कडेला कापून मोजलं : दीड.
पुरे?
जेमतेम, म्हटलं. पण पुरे.

संध्याकाळी धाकटीने क्ले परत मागितली.
तेलाने काळवंडलेली, कोर तशीच.
तिने ती उलटी धरली,
वर पेन्सिलीने दोन भोकं पाडली
आणि म्हणाली, बाबा, हा हसतोय.